मॉडिफाइड गाडीसाठी दणकट क्लच निवडताना: मोजणीपासून बेडिंगपर्यंत

इंजिन ट्यून झालं, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला, आणि आता चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो पण गाडी तेवढी पळत नाही. मग बहुतेक जण कॅटलॉग उघडतात आणि ज्याच्यासमोर सगळ्यात मोठा आकडा छापलाय तो क्लच मागवतात. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. सिग्नलवर गाडी उड्या मारते, पॅडल दाबून गुडघा भरून येतो, रिव्हर्स पडत नाही. कधीकधी तर नवा क्लचही घसरायला लागतो.

यात मालाचा दोष फार क्वचित असतो. बिघडलेला असतो तो निवडीचा क्रम. आधी प्लेट घेतली जाते, गिअरबॉक्स उतरल्यावर फ्लायव्हील (क्रँकला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) आठवतं, पॅडल जड लागलं की हायड्रॉलिक्सचा, म्हणजे पॅडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या ऑइलच्या यंत्रणेचा, विचार सुरू होतो, आणि इंजिनचा टॉर्क नेमका किती हे शेवटपर्यंत कुणी मोजत नाही. खाली हाच क्रम सरळ करून दिला आहे. मॅन्युअल गिअरबॉक्स आणि कोरडा (ऑइलमध्ये न बुडालेला) क्लच असलेल्या गाडीसाठीच तो लागू आहे. ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचं गणित वेगळं.

## टप्पा १: घसरतोय तो क्लचच आहे याची खात्री करा

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. मोकळ्या, सुरक्षित जागी चौथ्या गिअरमध्ये २,०००–२,५०० आरपीएमवर स्थिर चाला आणि एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. क्लच घसरत असेल तर आरपीएम उडी मारून वर जातो आणि वेग मागे राहतो. ही चाचणी दोन-तीनदाच करा. प्रत्येक वेळी प्लेट तापते, आणि चांगला क्लचही अशाने खराब करता येतो.

डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा लॉग घेतलेला बरा. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) आरपीएम आणि वेग एकत्र नोंदवा आणि आरपीएमला वेगाने भागा. एकाच गिअरमध्ये हा भागाकार बदलायला नको. समजा चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला ९० किमी वेग आहे, तर उत्तर ३३.३ येतं. पूर्ण थ्रॉटलवर तेच ३६, ३८ असं चढलं आणि टॉर्क उतरल्यावर पुन्हा ३३ वर आलं, तर कुठेतरी घसरण आहे. चाकं जागेवर फिरली तरी लॉगमध्ये आकडा बिघडू शकतो, म्हणून चाचणी कोरड्या रस्त्यावर आणि वरच्या गिअरमध्येच घ्यायची.

घसरण सिद्ध झाली म्हणजे क्लच कमी पडतोय असं लगेच ठरत नाही. आधी तीन गोष्टी बघा. एक, क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट सीलमधून तेल प्लेटवर येतंय का. दोन, पॅडलला वरच्या टोकाला थोडी मोकळीक आहे का. मोकळीक नसेल तर मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र झाकलेलं राहतं, लाइनमध्ये दाब अडकतो आणि क्लच सतत किंचित दाबलेला राहतो. तीन, प्लेट नुसती झिजलेली आहे का. गाडी स्टॉक ट्यूनवर असताना मूळ क्लच जुना झाला आणि घसरला, तर त्यावर उपाय नवीन मूळ क्लच हाच.

तपासा: बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या) खालच्या छिद्राशी किंवा जोडावर तेलाचा ओलावा दिसतोय का? दिसत असेल तर सील बदलल्याशिवाय कुठलाही नवीन क्लच बसवू नका.

## टप्पा २: टॉर्कचा खरा आकडा काढा

क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो टॉर्क. २०० किलोवॅटचं इंजिन ६,५०० आरपीएमवर ती ताकद देत असेल तर त्या क्षणी टॉर्क साधारण २९४ न्यूटन-मीटर असतो. तीच २०० किलोवॅट ताकद ४,००० आरपीएमवर मिळत असेल तर टॉर्क ४७७ होतो. दोन्ही गाड्यांचा पॉवरचा आकडा सारखा, आणि क्लचवरचा भार दुसरीत दीडपटीहून अधिक. किलोवॅटला ९,५४९ ने गुणून आरपीएमने भागलं की न्यूटन-मीटर मिळतात. हा हिशोब एकदा स्वतः करून बघाच, म्हणजे 'अमुक हॉर्सपॉवरपर्यंत चालतो' या वाक्याला किती अर्थ आहे ते लक्षात येईल.

डायनोवरचा (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावरचा) आकडा बहुतेक वेळा चाकांवरचा असतो, क्लच मात्र क्रँकचा टॉर्क झेलतो. दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या मॅन्युअल गाडीत मधल्या वाटेत साधारण १५ टक्के घट धरतात. चाकांवर ३४० न्यूटन-मीटर आले तर ०.८५ ने भागा: क्रँकवर ४००.

टर्बो गाडीत ट्यूनरकडून टॉर्कचा पूर्ण आलेख मागून घ्या, नुसता सर्वोच्च आकडा पुरत नाही. बूस्ट चढताना क्षणभर ठरवलेल्या पातळीच्या वर जातो. तेवढ्या क्षणात क्लच एकदा घसरला की पृष्ठभाग तापतो, घर्षण कमी होतं आणि घसरण चालूच राहते. म्हणून मोजलेल्या सर्वोच्च टॉर्कवर २० ते ३० टक्के राखीव धरा. वरच्या उदाहरणात ४०० वर २५ टक्के म्हणजे ५०० न्यूटन-मीटर. पुढे हाच आकडा वापरू.

'पुढच्या वर्षी मोठा टर्बो घालणार आहे' म्हणून आजच ८०० चा क्लच घेऊ नका. ती योजना बारगळली तर ८०० चा त्रास तुम्ही रोज सहन करणार. टर्बो खरोखर घरात येऊन पडला असेल तर गोष्ट वेगळी.

सावधान: ट्यून अंतिम होण्याआधी क्लच निवडू नका. क्लच घसरतोय म्हणून डायनोवर पूर्ण टॉर्क दिसतच नसेल, तर ट्यूनरकडून अपेक्षित आकडा घ्या. घसरलेल्या रनचा आकडा धरलात तर गणित सुरुवातीलाच चुकेल.

## टप्पा ३: गाडी कुठे आणि कशी चालते ते कागदावर लिहा

टॉर्कने क्षमता ठरते, वापराने उष्णता. एखादा क्लच ५०० न्यूटन-मीटर आरामात धरेल, आणि तरीही ट्रॅफिकमध्ये हाफ-क्लचवर अर्धा तास सरकत राहिलात तर करपेल.

ही उष्णता किती असते याचा अंदाज साध्या गणिताने येतो. गाडी उभी असताना इंजिनचा वेग स्थिर ठेवून क्लच सोडला, तर पूर्ण पकड येईपर्यंत इंजिनने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी गाडीच्या गतीत जाते आणि निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन राहते. म्हणजे क्लच पूर्ण पकडतो त्या क्षणी गाडीत जेवढी गतिज ऊर्जा असते, साधारण तेवढीच उष्णता. १,३०० किलोची गाडी शांतपणे निघाली आणि ताशी ९ किमीला क्लच पूर्ण पकडला, तर साधारण ४ किलोजूल. तीच गाडी जास्त आरपीएमवर लाँच केली, म्हणजे जागेवरून एकदम सुसाट सोडली, आणि ३६ किमीला पकडला, तर ६५ किलोजूल. वेग चौपट झाला की उष्णता सोळापट होते. लागोपाठ पाच लाँच मारणारी गाडी आणि वळणांच्या ट्रॅकवर दिवसभर फिरणारी गाडी यांना एकच क्लच का चालत नाही, ते इथे कळतं. ट्रॅकवर गाडी एकदा निघाली की क्लचला फक्त गिअर बदलण्यापुरतं काम असतं.

म्हणून लिहून काढा: रोज ऑफिसला नेता का, चढावर थांबून निघावं लागतं का, लाँच किती, गाडी दुसरं कुणी चालवतं का, टायर किती पकड देतात. टायरचा प्रश्न लोक हमखास विसरतात. साधे टायर लाँचला घसरून थोडा भार सोडून देतात. चिकट टायर आणि चारही चाकांना ताकद अशी जोडी असेल तर सुटकेची वाट उरते ती एकच, क्लचची.

## टप्पा ४: क्षमता कुठून वाढवायची ते ठरवा

क्लचची टॉर्क क्षमता म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार:

घर्षण पृष्ठभागांची संख्या × घर्षण गुणांक × क्लॅम्प लोड × सरासरी त्रिज्या

एका प्लेटला दोन पृष्ठभाग असतात. क्लॅम्प लोड म्हणजे प्रेशर प्लेट ज्या बलाने क्लच प्लेट दाबून धरते ते बल. सरासरी त्रिज्येसाठी लायनिंगची, म्हणजे प्लेटवरच्या घर्षण थराची, बाहेरची आणि आतली त्रिज्या मिळवून निम्मी करा.

एक उदाहरण. प्लेटचा बाहेरचा व्यास २४० मिमी, आतला १५५ मिमी, म्हणजे सरासरी त्रिज्या ९८.७५ मिमी. ऑरगॅनिक लायनिंगचा गुणांक ०.३ आणि क्लॅम्प लोड ६,००० न्यूटन धरू. गुणाकार येतो ३५५ न्यूटन-मीटर. आपल्याला हवेत ५०० . वाटा अशा:

फक्त क्लॅम्प लोड वाढवायचा तर तो सुमारे ८,४४० न्यूटन लागेल, म्हणजे ४० टक्के जास्त. चालवायला क्लच मूळसारखाच मऊ, पण पॅडल जड आणि मागच्या सगळ्या भागांवर ताण.

फक्त मटेरियल बदललं आणि गुणांक ०.४ झाला तर ६,३३० न्यूटन पुरतात. पॅडल जवळपास मूळचंच राहील, पण पकड झटक्याने येईल.

दोन्ही थोडं थोडं: क्लॅम्प लोड २० टक्के जास्त आणि गुणांक ०.३५ घेतला की ४९८ येतात. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी आधी याच वाटेने जायला सांगेन.

दोन प्लेटचा क्लच घेतला तर पृष्ठभाग चार होतात, आणि ऑरगॅनिक लायनिंग ठेवूनही ४,२२० न्यूटनमध्ये काम भागतं, म्हणजे मूळपेक्षाही कमी. अर्थात बऱ्याच ट्विन-प्लेट किटमध्ये प्लेटचा व्यास लहान असतो. त्या व्यासाने गुणाकार पुन्हा करा.

व्यास वाढवणं कागदावर छान दिसतं, पण बेलहाउसिंगमध्ये जागा नसते. ते सोडून द्या.

या गुणाकारात एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे लायनिंगचं क्षेत्रफळ. 'पूर्ण गोल प्लेट, म्हणून जास्त पकड' हा समज चुकीचा. क्षेत्रफळ वाढलं की झीज कमी होते आणि उष्णता पसरते, धरून ठेवायची ताकद तेवढ्याने वाढत नाही. आणि सहा तुकड्यांची पकवाली प्लेट कमी क्षेत्रफळ असून जास्त टॉर्क धरते ती तिच्या मटेरियलमुळे, तुकड्यांमुळे नाही.

तपासा: किटचा क्लॅम्प लोड, व्यास आणि मटेरियल घालून तुम्ही स्वतः गुणाकार केला का? छापलेला दावा तुमच्या उत्तराच्या खूप वर असेल तर विक्रेत्याला कारण विचारा.

## टप्पा ५: मटेरियल आणि हब

ऑरगॅनिक: सगळ्यात मऊ पकड, थोडं तापवलं तरी बऱ्यापैकी सावरतं. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना चांगल्या प्रतीचं ऑरगॅनिक आणि वाढीव क्लॅम्प लोड एवढं पुरतं. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

अरामिड, म्हणजे केव्हलर जातीचं: मऊ आणि टिकाऊ, पण बेडिंगला (नव्या प्लेटचा पृष्ठभाग घासून नीट बसायला) वेळ घेतं आणि अतिउष्णता अजिबात सोसत नाही. एकदा पृष्ठभागावर काचेसारखी झिलई आली की पूर्वीची पकड सहसा परत मिळत नाही. लाँच मारणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

सिरॅमिक पक: तांब्याच्या आधारावर घट्ट केलेले तुकडे, प्लेटवर तीन, चार किंवा सहा. उष्णता सोसतात, गुणांक जास्त. त्याबदल्यात निघताना थरथर, हाफ-क्लचला जवळपास वावच नाही, आणि फ्लायव्हीलची झीज. सहा पकवाली प्लेट त्यातल्या त्यात सुसह्य. तीन पकवाली रोजच्या गाडीत घालणं म्हणजे सिग्नलगणिक शिक्षा. प्लेट हलकी असल्यामुळे वरच्या आरपीएमला गिअर पटकन पडतात, एवढा फायदा मात्र खरा आहे.

सिंटर्ड आयर्न: ड्रॅगसाठी. पकडतो किंवा सोडतो, मधलं काही नाही, आणि त्याला जुळणारं स्टीलचं फ्लायव्हील लागतं. कार्बनचे क्लच मऊही असतात आणि उष्णताही झेलतात, पण त्यांची पकड तापमानाप्रमाणे बदलते आणि खर्च बाकीच्यांच्या कित्येक पट. ज्याला ते खरंच लागतात त्याला हा लेख वाचायची गरज नसते.

आता हब. प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा असतात तो स्प्रिंग हब. त्या इंजिनची धडधड शोषून घेतात. रिजिड हबमध्ये त्या नसतात, त्यामुळे इंजिनचा प्रत्येक ठोका सरळ गिअरबॉक्सच्या दातांवर जातो. रस्त्यावरच्या गाडीला स्प्रिंग हबच घ्या. स्प्रिंगा तुमच्या टॉर्कसाठी बनवलेल्या आहेत का हेही विचारा, कारण लायनिंग धडधाकट आणि हबच्या स्प्रिंगा निखळून बेलहाउसिंगमध्ये पडलेल्या, असंही घडतं.

लायनिंगच्या दोन थरांमध्ये नागमोडी पातळ पत्रे असतात. पकड हळूहळू येते ती या पत्र्यांमुळे. बऱ्याच पक प्लेटमध्ये ते जवळपास नसतातच. गाडी निघताना मारणारे झटके नुसत्या 'कडक मटेरियल'मुळे नसतात. निम्मं कारण इथे असतं.

## टप्पा ६: फ्लायव्हीलचा निर्णय क्लचबरोबरच घ्या

मूळ गाडीत ड्युअल-मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील असेल तर त्याच्या आतल्या कमानी स्प्रिंगांनाही टॉर्कची मर्यादा असते. क्लच ५०० चा आणि फ्लायव्हील ३५० चं, अशी जोडी जमवलीत तर पुढचा बिघाड कुठे होणार ते आत्ताच ठरलं. एकाच भागाच्या सिंगल-मासवर गेलात तर प्लेट स्प्रिंग हबचीच हवी. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खळखळाट येईल आणि पॅडल दाबलं की तो थांबेल. बिघाड समजून गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला धावू नका.

हलक्या फ्लायव्हीलचं वेड जरा आवरा. इंजिन झटकन फिरतं हे खरं, पण निघताना इंजिन बंद पडायला लागतं. शिवाय फ्लायव्हील हीच क्लचची उष्णता साठवायची जागा. ते जेवढं हलकं, तेवढा तोच लाँच त्याला जास्त तापवणार. पक प्लेट आणि अतिहलकं फ्लायव्हील ही जोडी रोजच्या गाडीत टाळाच.

जुनं फ्लायव्हील ठेवणार असाल तर ते ग्राइंडिंग करून घ्या. तापून निळे पडलेले डाग कडक झालेले असतात. लेथचं हत्यार त्यावरून उड्या मारतं आणि पृष्ठभाग खालीवर राहतो. पायरीचं फ्लायव्हील असेल, म्हणजे घर्षणाची जागा आणि प्रेशर प्लेट बसायची जागा वेगवेगळ्या उंचीवर, तर दोन्ही जागा सारख्याच घासायच्या. फक्त घर्षणाची जागा घासली की प्रेशर प्लेटची स्प्रिंग चुकीच्या ठिकाणी बसते आणि क्लॅम्प लोड बदलतो. नवीन क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो त्यामागे कितीदा तरी एवढंच असतं.

सावधान: ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील जास्त आरपीएमवर फुटू शकतं, आणि त्याचे तुकडे पत्रा फाडून पायापर्यंत येतात. रेव्ह लिमिट वाढवली असेल किंवा ड्रॅगला उतरणार असाल तर एसएफआय १.१ (रेसिंगचं सुरक्षा मानक) प्रमाणित स्टीलचं फ्लायव्हील घ्या. जुनं हलकं करण्यासाठी घरगुती खोदकाम करू नका.

काही इंजिनांत क्रँक सेन्सरचे दात फ्लायव्हीलवर असतात, काहींत इंजिनच्या बॅलन्सचा भाग फ्लायव्हीलवर असतो. नवीन घेताना जुन्याशी दोन्ही जुळवून बघा.

## टप्पा ७: पॅडलपासून बेअरिंगपर्यंतची साखळी

क्लॅम्प लोड वाढला की तो उचलण्यासाठी लागणारं बलही सहसा वाढतं. हे बल पॅडलची चौकट, मास्टर सिलिंडर, होज, स्लेव्ह सिलिंडर, फोर्क आणि रिलीज बेअरिंग या वाटेने जातं. यातला एक भाग लवला तरी प्रेशर प्लेट पूर्ण उचलत नाही आणि गिअर अडकतो. लोक दोष सिंक्रोला (गिअरबॉक्समधल्या वेग जुळवणाऱ्या कड्यांना) देतात.

कुणाला तरी पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि बोनेटमधून मास्टर सिलिंडरकडे बघा. सिलिंडर ज्या पत्र्यावर बसलाय तो पत्राच पुढे सरकताना दिसला, तर तेवढी चाल वाया जातेय. मग आधारपट्टी आधी, क्लच नंतर. रबरी होज जुनी होऊन फुगत असेल तर जाळीदार घ्या. गिअरबॉक्स उतरवला आहेच, तर रिलीज बेअरिंग, फोर्कचा टेकू आणि आत बसणारा स्लेव्ह सिलिंडर असेल तर तोही नवाच घाला. हे भाग वाचवून कुणाचं भलं झालेलं नाही.

दुसरा मुद्दा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगचा. पॅडल दाबलं की क्रँक पुढे ढकलला जातो आणि तो भार हे बेअरिंग घेतं. क्लच मागवण्याआधीच डायल गेज लावून क्रँकची पुढे-मागे होणारी चाल मोजा आणि त्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. चाल मर्यादेच्या काठावर असेल तर जड प्रेशर प्लेट नको. ट्विन-प्लेटकडे वळा किंवा इंजिनचं काम आधी करा. ज्या गाडीत पॅडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथे ऑइल प्रेशर येण्याआधीच हा भार पडतो. क्लॅम्प लोड गरजेपुरताच ठेवायचं हे आणखी एक कारण.

## टप्पा ८: मागवण्याआधी विचारायचे प्रश्न

'स्टेज १', 'स्टेज २' या नावांना कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. एकाचा स्टेज २ म्हणजे ऑरगॅनिक प्लेट, दुसऱ्याचा म्हणजे सिरॅमिक. नाव सोडा आणि हे लेखी मागा:

- टॉर्कचा आकडा क्रँकचा की चाकांचा?
- क्लॅम्प लोड किती, मूळपेक्षा किती टक्के जास्त?
- दोन्ही बाजूंचं मटेरियल एकच आहे का?
- हब स्प्रिंगचा की रिजिड?
- कोणत्या फ्लायव्हीलसाठी, आणि पायरी किती?
- रिलीज बेअरिंगची चाल किती लागते, जास्तीत जास्त किती चालते?
- बेडिंग किती किलोमीटर?

शेवटून दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. काही उत्पादक स्प्रिंगचा टेकू सरकवून क्लॅम्प लोड वाढवतात. त्यात उचलण्यासाठी लागणारी चाल बदलते. गरजेपेक्षा जास्त चाल दिली तर स्प्रिंगची बोटं वाकतात, म्हणून काही गाड्यांना पॅडलखाली स्टॉपर लावावा लागतो.

## टप्पा ९: बसवताना

जुन्या प्लेटची धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला योग्य मास्क.

१. नवीन प्लेट आधी इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) सरकवून बघा. हाताने अडखळता कामा नये. गिअरबॉक्स चढवल्यावर हे तपासता येत नाही.

२. पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदला.

३. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. त्यानंतर पृष्ठभागाला बोट लावू नका.

४. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन घ्या. बऱ्याच इंजिनांत ते ताणले जाणारे असतात आणि एकदाच वापरायचे असतात. आवळणी मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क रेंचनेच. मग डायल गेजने फ्लायव्हील डुगडुगतं का ते बघा.

५. डॉवेल पिना जागेवर आहेत का ते बघा. पिना नसतील तर प्रेशर प्लेट मध्यावर बसत नाही आणि थरथर जन्मभर जात नाही.

६. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात. प्लेट मागेपुढे सरकवा, कडेला आलेलं पुसा. जास्त ग्रीस फिरताना उडून थेट लायनिंगवर बसतं.

७. प्लेटवर 'फ्लायव्हीलकडची बाजू' लिहिलेली असते. ती वाचा. उलटी बसलेली प्लेट हबने फ्लायव्हीलच्या बोल्टना घासते.

८. अलाइनमेंट टूल घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एका वेळी एक-दोन फेरे. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. एक बाजू आधी ओढली गेली की कव्हर वाकतं.

सावधान: गिअरबॉक्स जोडताना त्याचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका. जॅकने तोलून धरा आणि दोन्ही तोंडं हाताने टेकेपर्यंत आणा. बोल्ट आवळून ओढून घेतलात तर हब वाकतो. मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि तुम्ही ब्लीडिंग करत, म्हणजे लाइनमधली हवा काढत, बसता.

ब्लीडिंगला गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलंच ऑइल वापरा. सहसा ते डॉट ४ असतं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

तपासा: इंजिन चालू, पॅडल पूर्ण दाबलेलं. दहापर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच सुटतोय. कर्र झालं तर चाल कमी पडतेय. आधी हवा, मग पुशरॉडची लांबी, मग स्टॉपर या क्रमाने बघा. ट्विन-प्लेटमध्ये पॅडल दाबल्यावर मधली प्लेट खुळखुळते, ते चालायचंच.

## टप्पा १०: बेडिंग

ऑरगॅनिक प्लेटला साधारण ५०० ते ८०० किमी, अरामिडला त्याहून जास्त. उत्पादकाने दिलेला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. हे किलोमीटर थांबत-निघत चालवलेले हवेत. महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ८०० किमी काढले तर प्लेट तेवढ्या वेळात घासलीच गेली नाही, बेडिंग शून्य. या काळात पूर्ण थ्रॉटल नको, लाँच नको, चढावर क्लचवर गाडी धरून ठेवणं नको. शक्य असेल तर ट्यूनरकडून तात्पुरता कमी बूस्टचा मॅप घाला. पाय आवरण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पहिल्या काही दिवसांत हलका जळका वास किंवा थोडी थरथर चालते. ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. वाढत गेली तर तेल, डॉवेल पिना आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग या तिन्हींवर संशय घ्या.

बेडिंग संपलं की टप्पा १ मधला लॉग त्याच गिअरमध्ये पुन्हा घ्या, आधी अर्ध्या बूस्टवर, मग पूर्ण. भागाकार स्थिर राहिला तर तो लॉग जपून ठेवा. पुढे ट्यून बदललात किंवा वर्षभराने शंका आली, की नवीन लॉग याच्याशेजारी ठेवून तुलना करता येईल.